प्रशिक्षण दिलं, पण धान्य सुरक्षित झालं का? ७.२ आणि ८.० या दोन आकड्यांची गोष्ट

कृषी विस्तार, अन्न तंत्रज्ञान, गृहविज्ञान किंवा समाजकार्य यांपैकी कुठल्याही विषयात पीएचडीची तयारी करत असाल, तर पुढच्या धाटणीचा सिनॉप्सिस तुमच्या नजरेखालून नक्की गेला असेल. ‘अमुक तालुक्यातील शेतकऱ्यांना काढणीपश्चात साठवणुकीचे प्रशिक्षण देणे व त्याची परिणामकारकता अभ्यासणे.’ पद्धतही ठरलेली असते. प्रशिक्षणाआधी एक प्रश्नावली आणि प्रशिक्षणानंतर तीच प्रश्नावली. समजा, आधी शंभरपैकी सरासरी ४० गुण होते आणि नंतर ८५ झाले. मग टी-टेस्ट लावायची, पी-व्हॅल्यू ०.०१ च्या खाली आली की निष्कर्ष लिहायचा: प्रशिक्षण परिणामकारक ठरले.

या अभ्यासात खोटं काहीच नाही. गुण खरंच वाढलेले असतात. पण प्रश्न असा आहे की वाढले ते गुण. पोत्यातल्या शेंगांचं काय झालं? त्या शेंगा खाणाऱ्या माणसाचं काय झालं? आज आपण एकच पेपर घेऊन हे समजून घेऊ. पेपर भुईमुगावरचा आहे, पश्चिम आफ्रिकेतल्या गिनी या देशातला आहे, आणि २००५ साली ‘द लॅन्सेट’मध्ये छापून आला आहे. जुना असला तरी प्रशिक्षणावर संशोधन करणाऱ्याने वाचलाच पाहिजे असं माझं मत आहे.

आधी विषय थोडक्यात

भुईमूग, मका अशा पिकांवर अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस नावाची बुरशी वाढते. ती अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते. या विषाची ओळख पटली ती १९६० साली इंग्लंडमध्ये, एक लाखाहून जास्त टर्की पक्षी मेल्यानंतर. त्यांच्या खाद्यात ब्राझीलहून आलेली शेंगदाण्याची पेंड होती.

हे विष यकृतावर हल्ला करतं. थोडं थोडं वर्षानुवर्षं पोटात गेलं तर यकृताचा कर्करोग होऊ शकतो, आणि एकदम जास्त गेलं तर माणूस काही आठवड्यांत दगावू शकतो. भाजून किंवा शिजवून ते पूर्णपणे जात नाही. आपल्याकडे १९७४ साली गुजरातच्या पंचमहाल आणि राजस्थानच्या बांसवाडा भागात अवकाळी पावसात भिजलेला, बुरशी लागलेला मका खाल्ल्याने कावीळ आणि जलोदराची साथ आली. ३९७ रुग्णांची नोंद झाली, त्यातले १०६ जण मृत्युमुखी पडले. हा सगळा आदिवासी भाग. मका हेच तिथलं रोजचं जेवण.

बुरशीचा बंदोबस्त तसा साधा आहे. शेंगा उघड्या मातीवर न वाळवता चटईवर किंवा ताडपत्रीवर वाळवायच्या. पूर्ण वाळल्याशिवाय पोत्यात भरायच्या नाहीत. किडक्या, फुटक्या, काळपट शेंगा निवडून बाजूला काढायच्या. पोतं जमिनीला टेकवून ठेवायचं नाही, ओल येते. अर्धवट ओला माल प्लास्टिकच्या गोणीत बंद केला की आतच दमट होतो आणि कुबट वास सुटतो. हे आपल्या आज्यांनाही ठाऊक होतं. म्हणूनच वाटतं की लोकांना एकदा नीट सांगितलं की काम झालं.

गिनीमध्ये काय केलं?

लीड्स विद्यापीठाचे पॉल टर्नर आणि त्यांच्या गिनीमधल्या सहकाऱ्यांनी किंदिया भागातली २० गावं घेतली. त्या भागात भुईमूग हे घरोघरचं खाणं. १० गावांमध्ये उपाययोजना केली, १० गावं तुलनेसाठी ठेवली. एकूण ६०० माणसं.

उपाययोजनेत काय होतं? शेंगा हाताने निवडायच्या कशा, उन्हात नीट वाळवायच्या कशा आणि पुरत्या वाळल्या हे ओळखायचं कसं, याचं प्रशिक्षण. शिवाय वाळवायला चटया, भरायला नैसर्गिक धाग्याची पोती, पोतं जमिनीपासून वर ठेवायला लाकडी फळ्यांची बैठक, आणि किडीसाठी कीटकनाशक.

मग मोजलं काय? इथे हा पेपर वेगळा ठरतो. त्यांनी लोकांच्या ज्ञानाचे गुण निकाल म्हणून मांडले नाहीत. त्यांनी रक्त तपासलं. पोटात गेलेल्या अफ्लाटॉक्सिनचा काही भाग रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटतो आणि काही आठवडे तिथेच राहतो. त्यामुळे रक्ताच्या एका नमुन्यावरून गेल्या दोन-तीन महिन्यांत माणसाच्या पोटात साधारण किती विष गेलं याचा अंदाज येतो. हे मोजमाप त्यांनी काढणी झाल्यावर लगेच केलं, आणि साठवणुकीला पाच महिने झाल्यावर पुन्हा केलं.

उपाययोजना केलेल्या गावांमध्ये काढणीनंतरची सरासरी होती ७.२. पाच महिन्यांनी ती झाली ८.०. (एकक आहे एक मिलिग्रॅम अल्ब्युमिनमागे पिकोग्रॅम. एककाची चिंता आत्ता नको, आकड्यांकडे बघा.)

इथे जरा थांबा

समजा हा तुमचा अभ्यास आहे आणि तुमच्याकडे हेच दोन आकडे आहेत. आधी ७.२, नंतर ८.०. निष्कर्ष काय लिहाल?

‘प्रशिक्षणामुळे फरक पडला नाही’ असंच ना? एखादा कडक परीक्षक तर म्हणेल, उलट किंचित वाढच दिसतेय! इतक्या चटया, इतकी पोती, इतकी धावपळ, आणि हाती काय आलं?

आता तुलनेच्या गावांचे आकडे बघा. तिथे काढणीनंतर सरासरी होती ५.५. म्हणजे सुरुवातीला ही गावं जरा बऱ्या स्थितीत होती. पाच महिन्यांनी तिथली सरासरी झाली १८.७.

म्हणजे काहीच केलं नाही तर त्या पाच महिन्यांत लोकांच्या रक्तातलं प्रमाण तिपटीहून जास्त होतं. जिथे काम केलं तिथे ते जवळपास जागच्या जागी राहिलं. ज्यांच्या रक्तात हे विष सापडलंच नाही अशी माणसं तुलनेच्या गावांत पाच महिन्यांनी फक्त २ टक्के उरली होती, तर उपाययोजनेच्या गावांत २० टक्के. त्यामुळे ‘फरक पडला नाही’ असा दिसणारा ८.० हा आकडा खरं तर मोठं यश होता.

काढणीपश्चात साठवणुकीच्या प्रशिक्षणाचं हेच वैशिष्ट्य आहे. इथे यश म्हणजे काहीतरी न होणं: बुरशी न लागणं, माल खवट न होणं, माणूस आजारी न पडणं. न झालेली गोष्ट ‘आधी-नंतर’च्या मोजणीत दिसत नाही. ती दिसते फक्त शेजारच्या गावात ती झालेली असते तेव्हा. साठवलेला माल काळाबरोबर आपोआप बिघडतच असतो, म्हणून कंट्रोल ग्रुप नसलेला अभ्यास इथे कुठल्याही बाजूला फसवू शकतो. कोरड्या वर्षी प्रशिक्षण भारी वाटेल, पावसाळी वर्षी तेच प्रशिक्षण कुचकामी वाटेल. प्रशिक्षण दोन्ही वर्षी तेच!

ज्ञान, वागणूक आणि परिणाम

प्रशिक्षणाचं मूल्यमापन कसं करावं याची एक जुनी, सोपी चौकट आहे. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी ती १९५९ साली मांडली. पायऱ्या चार: लोकांना प्रशिक्षण आवडलं का, ते शिकले का, त्यांचं वागणं बदललं का, आणि त्यातून हवा तो परिणाम झाला का. आपले बहुतेक सिनॉप्सिस दुसऱ्या पायरीवर थांबतात. कारण सरळ आहे: प्रश्नावली स्वस्त असते, आणि तीन वर्षांत थिसिस सबमिट करायचा असतो.

पण दुसऱ्या पायरीवरून तिसरीवर माणूस आपोआप चढत नाही. याचं चांगलं उदाहरण शेतीतलं नाही, स्वयंपाकघरातलं आहे. वेल्समधल्या कार्डिफ शहरात क्लेटन, ग्रिफिथ आणि सहकाऱ्यांनी छोट्या-मध्यम खाद्य व्यवसायांत काम करणाऱ्या १३७ जणांना विचारलं. २००२ साली तो पेपर आला. त्यातल्या ९५ टक्के लोकांनी अन्न स्वच्छतेचं प्रशिक्षण घेतलं होतं. काय करायला हवं हे त्यांना माहीत होतं. तरीही ६३ टक्के लोकांनी कबूल केलं की कधीकधी आपण ते करत नाही. कारणं विचारली तर ती अशी: वेळ नाही, माणसं कमी, साधनं अपुरी.

लक्षात घ्या, ही कबुली आहे. स्वतःहून न सांगणारे वेगळेच. ‘तुम्ही कच्चं मांस हाताळल्यावर हात धुता का?’ या प्रश्नाला ‘नाही’ म्हणणारा माणूस विरळा. म्हणून वागणूक मोजायची असेल तर विचारू नका, बघा. चटई वाळवणाला खरोखर अंथरलीय की गुंडाळून आढ्याला टांगलीय? पोतं फळ्यांवर आहे की भिंतीला टेकून जमिनीवर? उपाहारगृहात हात धुवायच्या बेसिनपाशी साबण ओला आहे की कोरडा? या निरीक्षणाची यादी आधीच बनवा. आणि शक्य असेल तर कोणत्या घरात प्रशिक्षण झालंय हे निरीक्षकाला कळू देऊ नका.

आपल्याकडे अन्न हाताळणाऱ्यांवर काम करायचं असेल तर तयार विषय समोर आहे. एफएसएसएआयच्या ‘फॉस्टॅक’ योजनेत २०१७ पासून अन्न सुरक्षा पर्यवेक्षक तयार केले जातात. दर २५ कामगारांमागे एक प्रशिक्षित पर्यवेक्षक असावा आणि त्याने पुढे आपल्या कामगारांना शिकवावं, अशी कल्पना आहे. पर्यवेक्षकाचे गुण मोजणं सोपं आहे. त्याने शिकवलेल्या, कढईसमोर उभ्या असलेल्या पोराचं वागणं बदललं का हे मोजणं अवघड आहे. पण पीएचडीचा विषय तिथेच आहे.

हा पेपर काय सांगू शकत नाही?

चांगला पेपर वाचताना त्याच्या मर्यादा शोधायची सवय लावा, व्हायव्हामध्ये कामी येते.

पहिली मर्यादा: उपाय एक नव्हता, गाठोडं होतं. प्रशिक्षण, चटया, पोती, फळ्या, कीटकनाशक सगळं एकत्र. मग प्रमाण रोखलं कुणी? शिकवणीने की चटईने? या अभ्यासावरून कळणार नाही. आणि हा प्रश्न नुसता पुस्तकी नाही. जिल्ह्याच्या अधिकाऱ्याकडे पैसे मर्यादित असतात. त्याने व्याख्यानं ठेवावीत की ताडपत्र्या वाटाव्यात? उघड्या मातीवर शेंगा पसरू नयेत हे शेतकऱ्याला ठाऊक असेल, पण ताडपत्री घ्यायला पैसे नसतील, तर तुम्ही त्याला दहा वेळा शिकवून काय उपयोग? १९७४ च्या साथीतही हाच प्रश्न विचारा. घरात दुसरं धान्यच नसेल, तर बुरशी लागलेला मका टाकून द्या हा सल्ला कुणाच्या कामाचा?

हे वेगळं काढायचं असेल तर गट वाढवावे लागतात: एका गटाला फक्त माहिती, दुसऱ्याला माहिती आणि ताडपत्री, तिसऱ्याला माहिती आणि चांगल्या मालाला जास्त भाव, चौथा तुलनेसाठी. उत्तर घानामधल्या भुईमूग शेतकऱ्यांबरोबर मॅग्नन, हॉफमन आणि सहकाऱ्यांनी माहिती, साधन आणि बाजारातला मोबदला हे तीन धागे वेगळे करून अभ्यास केला. तो २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. गिनीचा पेपर वाचून झाला की तो काढा आणि दोन्हींचे आराखडे कागदावर शेजारी शेजारी मांडून बघा.

दुसरी गोष्ट नमुन्याच्या आकाराची. ६०० माणसं म्हटल्यावर भरपूर वाटतात. पण उपाययोजना माणसागणिक नव्हे, गावागणिक केली होती. एका गावातल्या माणसांचा पाऊस एक, माती एक, बाजार एक, त्यामुळे त्यांचे आकडेही एकमेकांसारखे असतात. दर गावात सरासरी ३० माणसं धरा आणि त्यांच्यातलं साम्य दाखवणारा सहसंबंध ०.०५ इतका किरकोळ आहे असं समजा. मग डिझाइन इफेक्ट येतो १ + (२९ × ०.०५) = २.४५. म्हणजे तुमची ६०० माणसं संख्याशास्त्राच्या दृष्टीने साधारण २४५ माणसांइतकीच माहिती देतात. आता विचार करा, एकाच गावात १५० जणांना प्रशिक्षण दिलं आणि दुसऱ्या एकाच गावात १५० जणांशी तुलना केली तर? तुमच्याकडे ३०० नमुने नाहीत, दोन आहेत. हा मुद्दा गाईडशी सिनॉप्सिस मंजूर व्हायच्या आधी बोला. नंतर काही करता येत नाही.

मूठभर शेंगदाण्यांचा धोका

रक्ततपासणी सगळ्यांना जमणारी नाही. मग शेंगदाण्यांतलं विष मोजू म्हणाल. ठीक आहे, पण इथे एक खाच आहे. अफ्लाटॉक्सिन पोत्यात सारखं पसरलेलं नसतं. बहुतेक दाणे स्वच्छ असतात आणि एखादाच दाणा विषाने भरलेला असतो.

एक हिशोब करू. समजा हजार दाण्यांत एकच दाणा दूषित आहे आणि त्यात १०,००० पीपीबी विष आहे. म्हणजे पोत्याची खरी सरासरी १० पीपीबी. तुम्ही मूठभर, समजा १०० दाणे उचलले. दहापैकी नऊ वेळा तो दाणा मुठीत येणारच नाही आणि तुमचा निकाल येईल शून्य. दहाव्या वेळी तो आला तर निकाल येईल १०० पीपीबी. पोतं तेच, उत्तरं शून्य आणि शंभर, आणि खरं उत्तर दहा!

यंत्र कितीही महाग असलं तरी ही चूक दुरुस्त होत नाही, कारण ती यंत्राची नाही, मुठीची आहे. उपाय म्हणजे पोत्याच्या वरून, मधून, तळातून थोडं थोडं घेऊन मोठा नमुना करायचा, सगळा बारीक दळून एकजीव करायचा आणि मग त्यातलं थोडं तपासायचं. ‘नमुना कसा घेतला’ हा परिच्छेद दोन ओळींत उरकलेला दिसला तर त्या पेपरचे आकडे जपून वापरा.

शिकलं कोण आणि काम करतं कोण?

आपल्या गावांकडे बघून आणखी दोन प्रश्न सुचतात. पहिला: प्रशिक्षणाला येतो कोण? हजेरीपटावर सहसा सातबारा ज्याच्या नावावर तो. पण शेंगा तोडणं, वाळवणाला राखण बसणं, पाऊस आला की धावत जाऊन गोळा करणं, फोडणं, निवडणं ही कामं बहुतेक घरांत बायका करतात. नवऱ्याचे गुण ४० वरून ८५ झाले आणि निवडणारीला कुणी काही सांगितलंच नाही, तर पोत्यात फरक कसा पडणार? म्हणून प्रश्नावलीआधी एक तक्ता भरा: कोणतं काम, कोण करतं, तिला किंवा त्याला प्रशिक्षण मिळालं का.

दुसरा: निवडून काढलेल्या वाईट शेंगांचं पुढे काय होतं? त्या टाकून दिल्या असं आपण गृहीत धरतो. पण गरीब घरात काही टाकलं जात नाही. त्या घाण्यावर जातात, जनावरांपुढे जातात, किंवा स्वस्तात विकल्या जातात. जनावराने खाल्ल्या तर विषाचं एक रूप दुधात उतरतं. एका घरातला आकडा कमी झाला आणि दुसऱ्या घरातला वाढला, तर त्याला परिणामकारकता म्हणायचं का? तुमच्या आराखड्यात या शेंगांचा माग काढणारा एक तरी प्रश्न असू द्या.

आणि एक जबाबदारी

तुम्ही एखाद्या घरातलं धान्य तपासलं आणि प्रमाण धोकादायक निघालं, तर काय कराल? निकाल थिसिस छापेपर्यंत लॅपटॉपमध्ये ठेवणार का? त्या घरातली मुलं तोपर्यंत तेच खात राहतील. कुणाला, किती दिवसांत कळवायचं, आणि ते धान्य बदलून देण्याची काही सोय आहे का, हे एथिक्स कमिटीच्या अर्जातच लिहा. तुलनेच्या गावांनाही अभ्यास संपल्यावर तेच प्रशिक्षण आणि त्याच चटया मिळतील याची तरतूद बजेटमध्ये करा. त्यांनी काही न मिळता तुम्हाला १८.७ हा आकडा दिलेला असतो.

आता तुमचा स्वतःचा सिनॉप्सिस उघडा आणि ‘परिणामकारकता’ हा शब्द जिथे जिथे आहे तिथे पेन्सिलीने लिहा: कशाची? गुणांची, सवयीची, पोत्यातल्या मालाची की माणसाच्या तब्येतीची? वेळ आणि पैसे पाहता चौथ्या पायरीपर्यंत जाणं प्रत्येकाला जमणार नाही, आणि त्यात कमीपणा नाही. दुसऱ्या पायरीवरचा प्रामाणिक अभ्यासही उपयोगी असतो. फक्त शीर्षकात दुसरी पायरी लिहा, चौथी नको. आणि एक पायरी वर जाण्याइतके पैसे हातात असतील, तर ते प्रश्नावलीची पानं वाढवण्यात घालू नका. ते शेजारच्या, काहीच न केलेल्या गावात पाच महिन्यांनी पुन्हा जाण्याच्या एसटीच्या तिकिटांवर खर्च करा.